चौदा विहिरींची तारीख

"सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशीपैकी पाच," मी म्हणाले.

पळसुले सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. माझ्या कीबोर्डला हात लावण्याआधी ते तो नेहमी रुमालानं पुसत आणि मग तो रुमाल खिशात न ठेवता वेगळ्या पिशवीत टाकत. आजही त्यांनी तसंच केलं.

"पाचच? पुन्हा चालवून बघ."

मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा पाच.

"मग झालं तर," ते म्हणाले. "अहवाल सोमवारच्या ऐवजी शनिवारीच देऊन टाकू."

याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, एम.एस्सी. करून आमच्याच कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात सरांच्या हाताखाली प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागातून मळीचं सांडपाणी बाहेर पडायचं आणि बेलओढे नावाच्या गावातल्या विहिरी त्यानं नासल्या होत्या. लोकांनी ओरड केली, तेव्हा कारखान्यानं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली. आता त्यांना मद्यार्क विभाग दुप्पट करायचा होता. परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी सरकारनं एक समिती नेमली, आणि यंत्रणेचा खरोखर उपयोग झाला का हे सांगायचं काम आमच्या सरांकडे आलं. गावातल्या चौदा विहिरींचं पाणी यंत्रणेच्या आधी डिसेंबरात तपासलं होतं, तेव्हा मी नोकरीत नव्हते. यंत्रणा बसल्यावर पुढच्या डिसेंबरात, बावीस तारखेला नेऊन, ते पुन्हा तपासलं गेलं. पाण्यातली घाण कुजून जायला किती ऑक्सिजन लागेल, असा एक आकडा असतो. प्रत्येक विहिरीचा आधीचा एक आणि नंतरचा एक, असे चौदा जोड्यांचे आकडे सरांनी माझ्या हातात दिले होते.

ते कसे तपासायचे हेही त्यांनीच मला शिकवलं होतं, फार सुंदर शिकवलं होतं. "असं धर की यंत्रणेनं काहीच फरक पडला नाही," ते सांगत. "मग एका विहिरीच्या दोन आकड्यांतला कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, हा नुसता नशिबाचा भाग. घाण वाढली की कमी झाली, हे नाणं उडवून ठरल्यासारखं. चौदा विहिरी, चौदा नाणी. नाणी जेवढ्या तऱ्हांनी पडू शकतात तेवढ्या सगळ्या मांड. आणि मग मोज, खरोखर दिसला तेवढा फरक त्यातल्या किती मांडण्यांत नुसत्या नशिबानं पडतो. कुठलं सूत्र पाठ करायला नको, कुठलं गृहीतक नको. आकडे स्वतःच आपली साक्ष देतात."

चौदा नाणी सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी तऱ्हांनी पडतात. त्यातल्या फक्त पाच तऱ्हांमध्ये घाण इतकी कमी झालेली दिसत होती. म्हणजे नशिबाचा प्रश्नच नव्हता. यंत्रणा काम करत होती. मला आनंद झाला होता. एका गावाचं पाणी सुधारलं होतं आणि ते मी मोजलं होतं.

त्याच दुपारी अहवालात घालायला म्हणून मी एक आकृती काढली. डावीकडे आधीचे चौदा ठिपके, उजवीकडे नंतरचे चौदा, आणि प्रत्येक विहिरीच्या दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ. रेघा साधारण एकमेकींना समांतर खाली उतरतील असं मला वाटलं होतं. जी विहीर ओढ्याला लागून आहे ती आधीही जास्त घाण असणार, नंतरही इतरांपेक्षा जास्तच असणार. पण पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता दिसला. सगळ्यांत नासलेली विहीर एकदम स्वच्छ विहिरींत जाऊन बसली होती. सगळ्यांत बरी होती ती आता सगळ्यांत वाईट झाली होती.

मी आणखी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. नंतरचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे आणि कुठलेही कुठल्याही विहिरीला वाटून टाकायचे. मग आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा मेळ किती बसतो ते बघायचं. असं दहा हजार वेळा. आकडे खरे असतील, तर खऱ्या जोड्यांचा मेळ पिसलेल्या जोड्यांपेक्षा कितीतरी चांगला बसायला हवा.

दहा हजारांपैकी चार हजार नऊशे वेळा पिसलेल्या जोड्यांचाच मेळ जास्त चांगला बसला.

म्हणजे खऱ्या जोड्या नुसत्या पिसल्यासारख्या होत्या. हे आकडे आपापल्या विहिरीला ओळखतच नव्हते.

मला वाटलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. म्हणून मी रसायनशास्त्र विभागात गेले. पाण्याची तपासणी तिथंच व्हायची आणि तिथल्या नोंदवहीत प्रत्येक बाटली चढवलेली असायची. मागच्या डिसेंबरातल्या चौदा नोंदी सापडल्या. या डिसेंबरातली एकही नव्हती. मी पानं पुढं-मागं करून पाहिली. पानं फाटलेली नव्हती. नोंदच नव्हती.

सर केबिनमध्ये होते. मी दार लोटून घेतलं.

"सर, बावीस डिसेंबरच्या बाटल्या कुठं तपासल्या?"

त्यांनी मान वर केली. माझ्या हातातली आकृती त्यांना दिसली. रेघांचा तो गुंता त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

"बस," ते म्हणाले.

मी उभीच राहिले.

"तू तिथं गेलेली नाहीस, रेवती. पहिल्या वेळी मी गेलो होतो. चौदाही विहिरींवर गेलो. तो वास कसा असतो ते तुला सांगता येणार नाही. मी चौथ्या विहिरीवर ओकलो. मग सातव्या. घरी आल्यावर ते कपडे फेकून दिले, तरी आठ दिवस अन्नाला तोच वास येत होता. या वेळी जीप ओढ्यापर्यंत गेली. वास आला. मी ड्रायव्हरला सांगितलं, मागं फिरव."

"आणि आकडे?"

"यंत्रणा बसवलीय म्हटल्यावर घाण कमी होणारच. किती कमी होते ते असल्या यंत्रणांबद्दल छापून आलेलं आहे. मी जे झालं असणार तेच लिहिलं. कारखान्याचा एक चहासुद्धा मी घेतलेला नाही. तसलं काही मनात आणू नकोस."

त्यांनी लाच खाल्ली असती, तर मला बरं वाटलं असतं असं आता वाटतं. लाच खाणारा माणूस समजतो. इथं माझ्या डोळ्यांपुढं येत होतं, घराच्या गॅलरीत बसून, समोर दूध-कॉफी ठेवून, एक माणूस लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे आकडे मनानं लिहीत होता. का, तर त्याला वास सहन होत नव्हता. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. स्वच्छ, कापलेली नखं. तीन वर्षं मी या बोटांनी फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं होतं. मला त्या वह्यांचीसुद्धा किळस आली.

"मी जाते," मी म्हणाले. "मी पाणी आणते."

"जा," ते शांतपणे म्हणाले. "बघ तुला जमतं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौदा बाटल्यांची खोकी घेऊन एस.टी.नं बेलओढ्याला गेले. फाट्यावर उतरल्याबरोबर वास आला. गूळ करपावा, मग तो आठवडाभर आंबावा आणि त्यात काहीतरी मरून पडावं, तसा. नाकाला पदर लावून उपयोग नव्हता, कारण तो जिभेवर बसत होता. ओढ्यातून काळपट तांबडं पाणी संथ चाललं होतं आणि कडेनं पिवळा फेस साचला होता. फेसावर माशासुद्धा नव्हत्या.

पहिली विहीर गजराबाई थोरवत नावाच्या बाईची होती. पन्नाशीची, उंच, काटक बाई. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कामाला, घरी ती आणि सून. मी कशाला आले ते ऐकल्यावर तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आज भोगी हाय. सणासुदीचं कुनी येतं व्हय पानी न्याला?"

"काम राहून गेलं होतं, मावशी."

"ऱ्हायलं असंल. चला, म्या येते संगं. येकट्या बाईला कुनी विहिरीवर जाऊ देयाचं न्हाय."

ती सगळ्या चौदा विहिरींवर माझ्याबरोबर आली. पोहरा तिनं सोडला, पाणी तिनं शेंदलं, मी बाटल्या भरल्या. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. काही विहिरींच्या कठड्यावर चिकट काळी साय धरली होती, हाताला लागली की साबणानंही निघत नव्हती. या पाण्यानं बायका भांडी घासत होत्या, अंघोळी करत होत्या. प्यायला टँकर यायचा तिसऱ्या दिवशी.

सातव्या विहिरीवर मी ओकले.

गजराबाईनं माझी पाठ चोळली आणि कमरेच्या कळशीतलं टँकरचं पाणी चूळ भरायला दिलं. "मागल्या साली ते सायेब बी असंच वकलं हिथं. त्यांनला बी म्याच पानी दिलं व्हतं. ह्या साली काय आलं न्हाईत."

दुपारी तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. भाजी विहिरीच्याच पाण्यात शिजवलेली होती, फडक्यातून चारदा गाळून. पहिला घास तोंडात घेतला आणि तोच वास वर आला. समोर ती आणि तिची सून कौतुकानं बघत बसल्या होत्या. मी घास कसाबसा गिळला, पुढचे घास भाकरीखाली लपवले आणि पोट भरल्याचं सांगितलं. गजराबाईच्या ते लक्षात आलं. सुनेनं ताट उचललं.

मग ती मला गोठा दाखवायला घेऊन गेली. गोठा रिकामा होता. श्रावण लागायच्या आधी, दिव्याच्या अवसेच्या दिवशी पहाटे ती ओढ्याकडे गेली असताना तिनं कारखान्याच्या माणसांना सांडपाण्याच्या टाकीचा दरवाजा उघडताना पाहिलं होतं. पावसाच्या पाण्यात मळी खपून जाते म्हणून ते तसं करायचे. तिच्या दोन म्हशी त्या दिवशी ओढ्यावर पाणी प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगून मेल्या.

"कारखान्याचं लोक म्हंत्यात, म्हशी कडबा खाऊन मेल्या. म्या डोळ्यानं बघितलं. समितीफुडं सांगनार हाय. दिव्याची अवस. येक दिस हिकडं-तिकडं न्हाय."

बाटल्या मी त्याच संध्याकाळी रसायनशास्त्र विभागात पोचवल्या आणि नोंदवहीत स्वतःच्या हातानं चढवल्या. चार दिवसांनी आकडे आले. मी आधी जोड्यांचा मेळ तपासला. दहा हजार वेळा पिसले, एकदाही खऱ्या जोड्यांइतका मेळ बसला नाही. प्रत्येक आकडा आपल्या विहिरीला ओळखत होता. मग नाण्यांची तपासणी केली. नऊ विहिरी आधीपेक्षा थोड्या जास्त नासल्या होत्या, पाच थोड्या सुधारल्या होत्या. असा फरक निम्म्याहून जास्त मांडण्यांत नुसत्या नशिबानंच पडत होता. यंत्रणेनं काहीच केलं नव्हतं. असून नसल्यासारखी होती.

सरांनी तो कागद दोनदा वाचला.

"चांगलं काम केलंस," ते म्हणाले, आणि ते खरंच मनापासून म्हणाले, हेच मला सहन झालं नाही. "माझे आकडे काढ, तुझे घाल. निष्कर्ष बदल. यंत्रणेचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही, असं स्वच्छ लिही."

"आणि तारीख?"

"तारीख राहू दे."

"सर, मी तेरा जानेवारीला गेले होते."

"माझा दौरा बावीस डिसेंबरचा मंजूर आहे. जीपची नोंद त्या दिवसाची आहे. समितीला पहिल्याच पत्रात मी तीच तारीख कळवलीय. आता बदलली, तर बावीसला काय झालं ते विचारतील. मग माझं जे व्हायचं ते होईल, पण पूर्ण अहवाल रद्द होईल. तुझे आकडेही जातील. कारखान्याला हवंच आहे ते." ते जरा पुढं झुकले. "आकडे खरे आहेत ना? मग तीन आठवड्यांनी त्या पाण्याला काय फरक पडतो?"

मी दोन दिवस विचार केला असं म्हणायला मला आवडेल. मी एक तासही केला नाही. मला वाटलं, खरं ते खरं. तारखेकडे कोण बघतंय. मी अहवाल टाइप केला, तारीख बावीस डिसेंबर ठेवली, आणि पाणी गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून स्वतःचं नाव घातलं. रसायनशास्त्राची नोंदवही कुणी मागणार नाही असं सर म्हणाले होते, आणि कुणी मागितलीही नाही.

सुनावणी फेब्रुवारीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका सरकारी कचेरीच्या सभागृहात झाली. समितीचे अध्यक्ष म्हातारे होते, सावकाश बोलायचे. बेलओढ्याहून तीस-चाळीस माणसं जीपमधून आली होती. मी आणि सर पहिल्या रांगेत होतो. अहवाल आधीच दिलेला होता. कारखान्याच्या वकिलांनी तो पिवळ्या पेन्सिलीनं खुणा करून ठेवला होता.

गजराबाई उभी राहिली. हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून घेतलेला. तिनं दिव्याच्या अवसेची हकिकत सांगितली. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कोण माणूस, कुठला दरवाजा, पाण्याचा रंग. अध्यक्ष लिहून घेत होते.

वकील उठले. आवाज अगदी गोड होता. "आजी, तुम्हाला तारखा चांगल्या लक्षात राहतात."

"तारखा न्हाय. सन लक्षात ऱ्हात्यात."

"बरं. विहिरींचं पाणी न्यायला या शहरातल्या बाई आल्या होत्या, त्या कधी?"

"भोगीला," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट करून हसली. "ह्याच. माज्याकडं जेवल्या."

वकिलांनी अहवाल उचलला. "साहेब, इथं बावीस डिसेंबर लिहिलंय. भोगी तेरा जानेवारीला होती. एक तर हा अहवाल खोटा आहे, नाहीतर या बाईंच्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही. दोन्ही खरं असू शकत नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. कधी गेला होता?"

मी उभी राहिले. सर शेजारी बसले होते. ते माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "चौदा विहिरी आहेत, रेवती."

गावची माणसं माझ्याकडे बघत होती. गजराबाई तर निर्धास्त होती. तिच्या बाजूनं बोलायला मी उभी राहिले आहे असं तिला वाटत होतं.

"बावीस डिसेंबरलाच, साहेब," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण अध्यक्षांनी पेन उचललं नव्हतं. त्यांना अजून काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याकडे तयार होतं. कुठून आलं देव जाणे.

"त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता," मी म्हणाले. "मावशींकडे सणासारखंच जेवण होतं. भाकरी, लोणी, भाजी. म्हणून त्यांच्या मनात भोगी राहिली असेल. वयामुळं सणावारात थोडी गफलत होते."

तिच्या घरचं जे अन्न माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं, ते मी तिच्याविरुद्ध वापरलं.

गजराबाईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी तिला वाटलं असावं, काहीतरी ऐकायचं चुकलं. तिनं मागं वळून सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत होती. मग तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"असंल बाई," ती म्हणाली. "तुमी शिकल्याली मानसं."

ती खाली बसली. अध्यक्षांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. साक्षीदाराला तारखांची खात्री नाही."

सुनावणी संपल्यावर ती सभागृहाच्या दाराशी उभी होती. कुणाची वाट बघत होती ते मला समजलं. मी फायली गोळा करायचं निमित्त केलं आणि मागच्या दारानं, जिन्याखालच्या मुतारीच्या वासातून, बाहेर पडले.

दोन महिन्यांनी समितीचा आदेश आला. विस्ताराला परवानगी नाकारली. यंत्रणा नव्यानं बसवायचा हुकूम झाला. विहिरी दर वर्षी मोजायच्या ठरल्या. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. विभागात त्यांचा सत्कार झाला आणि भाषणात ते म्हणाले, आकडे स्वतःच आपली साक्ष देतात. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. नंतर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघ. शेवटी खरं तेच निघालं ना." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरी जाऊन तो खांदा धुतला, आणि धुताना मला माझंच हसू आलं. हात त्यांचा होता, पण सभागृहात तोंड माझं होतं.

आदेशाच्या शेवटच्या पानावर किरकोळ अर्जांची यादी होती. तिथं गजराबाई थोरवत यांच्या म्हशींच्या भरपाईचा अर्ज एका ओळीत निकालात काढला होता. एकमेव साक्ष, तीही तारखांबाबत विश्वासार्ह नाही, सबब विचारात घेतली नाही.

मी समितीला पत्र लिहायला तीनदा बसले. खरं लिहिलं असतं तर अहवाल गेला असता, आदेश गेला असता, आणि बेलओढ्याचं पाणी पुन्हा जिथल्या तिथं. नाही लिहिलं तर एका बाईचा शब्द खोटा ठरून कागदावर राहणार. तिन्ही वेळा मी पत्र फाडलं. दर वेळी चौदा विहिरींचं नाव घेतलं. माझी नोकरी आणि माझं नाव हेही त्या विहिरींच्या मागं लपून बसलं होतं, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

पुढच्या डिसेंबरात विहिरी मोजायची वेळ आली. सरांनी मला विचारलंही नाही, मीच जाणार हे धरून चालले. मी गेले. ते माझं त्यांच्याकडचं शेवटचं काम. परत आल्यावर मी राजीनामा दिला.

फाट्यावर वास होता, पण आधीपेक्षा कमी. ओढ्याचं पाणी गढूळ होतं, पण पाण्यासारखं दिसत होतं. गजराबाई अंगणात वाल सोलत बसली होती. मला बघून ती उठली नाही.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. भोगीच होती."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "मला कशाला सांगताय?"

मी बाटल्यांचं खोकं खाली ठेवलं.

"त्या म्हाताऱ्या सायबाला सांगितलं?"

"नाही."

"सांगनार हाय?"

"सांगितलं तर विहिरींचं काम थांबेल."

तिनं दोन शेंगा सोलल्या. "बरं," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून उठली, पोहरा घेतला आणि विहिरीकडं चालू लागली. तिनं पाणी शेंदलं. मी बाटली भरली, झाकण लावलं, चिठ्ठीवर विहिरीचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि बाटली खोक्यात ठेवायला वाकले.

"थांबा," ती म्हणाली.

तिनं घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. सून दहावी झालेली होती. ती पदराला हात पुसत आली. गजराबाईनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिच्यापुढं धरली.

"वाच गं. तारीख काय लिवलीय?"

सुनेनं वाचली. महिना वाचला. साल वाचलं.

"आज ह्योच दिस हाय न्हवं?"

"ह्योच हाय, आत्याबाई."

"मग दे बाईला."

सुनेनं बाटली माझ्याकडे दिली. माझ्या नजरेला नजर न देता दिली. गजराबाईनं पोहरा खांद्याला लावला आणि दुसऱ्या विहिरीच्या वाटेला लागली. सून तिच्या मागोमाग, मी त्या दोघींच्या मागं. दुसऱ्या विहिरीवर मी चिठ्ठी लिहिली आणि कुणी काही म्हणायच्या आत बाटली सुनेपुढं धरली. तिनं वाचली. मग तिसऱ्या विहिरीवर. मग चौथ्या. दिवस मावळायच्या आत चौदाही झाल्या.